मानवी भांडवल आणि मराठवाड्याचा न मोजलेला अनुशेष

काही देश श्रीमंत का आणि काही देश दरिद्री का, या प्रश्नाला अर्थशास्त्राने आजवर अनेक उत्तरे दिली. सुपीक जमीन, खाणी, हवामान, यंत्रे, बचत. १९६० साली थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने त्यात एका उत्तराची भर घातली. माणसाने कमावलेले ज्ञान, कौशल्य आणि आरोग्य हेही भांडवलच आहे, असे त्याने अध्यक्षीय भाषणात मांडले. महायुद्धात बेचिराख झालेले देश अपेक्षेपेक्षा लवकर उभे राहिले, कारण कारखाने कोसळले तरी कारखाने चालवणारी माणसे शिल्लक होती. १९६४ साली गॅरी बेकर यांचा ग्रंथ आला आणि ‘मानवी भांडवल’ ही संज्ञा विद्यापीठांतून जागतिक बँकेच्या अहवालांत आणि तिथून आमच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात येऊन पोहोचली. नांदेड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी हा भाग शिकवतो. विषय अर्थशास्त्राचा असला तरी इतिहासात शिरल्याशिवाय तो आपल्या मुलांना शिकवता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

माणसाला भांडवल म्हणावे काय, ही शंका शुल्ट्झलाही आली होती. गुलामगिरीच्या आठवणीमुळे हा शब्द लोकांना टोचतो, हे तो जाणून होता. आपल्याकडे तर तो अधिकच टोचावा. येसकर, तराळ, वेठीला धरलेला मांग हा गावगाड्याचे भांडवलच होता. फक्त त्याची मालकी त्याच्याकडे नव्हती. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो उगाच नव्हे. शुल्ट्झच्या सिद्धांतात गुंतवणूक करणारा, शिकणारा आणि फळ खाणारा हा एकच माणूस असतो. आपल्या इतिहासात हे तीन नेहमी वेगवेगळे राहिले. या लेखाचा सारा प्रपंच या एका फरकासाठी आहे.

देशादेशांची तुलना करण्यासाठी मराठी माणसाला आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत जवळजवळ परका देशच होता. नाणे वेगळे, टपाल वेगळे, राज्यकारभाराची भाषा वेगळी. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि ऑगस्ट १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाले. भाषा, पीक, देव, सण, जाती या बाबतीत सोलापूरचा माणूस आणि लातूरचा माणूस यांत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते राज्यसंस्थेचे. म्हणून शिक्षणावरील खर्च आणि लोकांचे उत्पन्न यांचा संबंध तपासायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा सापडणार नाही.

त्या काळातील संस्थानांकडे नुसती नजर टाकली तरी पुरे. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेलीपासून प्रारंभ करून १९०६ पर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर नेले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. त्या एका शिष्यवृत्तीचा परतावा किती, हे बेकरच्या कोणत्या सूत्राने काढायचे ते मला कुणी सांगावे! कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. आणि हैदराबाद? संस्थानांतील हे सर्वांत मोठे. १९३७ साली अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने निजामाचे चित्र मुखपृष्ठावर छापले ते जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. १९५१ च्या जनगणनेत भारताची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, तर हैदराबादची तिच्या साधारण निम्मी. म्हणजे राजा जगात पहिला आणि प्रजा अक्षरशत्रू. देशाची संपत्ती आणि देशातील माणसांची संपत्ती या दोन गोष्टी वेगळ्या असतात, एवढे यावरून कळावे.

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना परक्या भाषेचा उंबरठा ओलांडल्याशिवाय माध्यमिक शाळेच्याही पुढे जाता येत नव्हते. पोलिस कारवाई झाली तेव्हा पाच जिल्ह्यांच्या मराठवाड्यात औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज तेवढे होते. नांदेडला रेल्वे होती, कापडाची गिरणी होती. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ साली पोहोचली होती आणि तिथली अडतपेठ नावाजलेली होती. यंत्र आले, पैसा आला, माल आला. शाळा मागे राहिली. १९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले आणि त्याच वर्षी औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, पुढचे मिलिंद, सुरू झाले.

इथपर्यंत शुल्ट्झचे म्हणणे मराठवाड्याला चपखल बसते. निजामाने माणसांत गुंतवणूक केली नाही म्हणून प्रदेश मागे राहिला. मराठवाड्यातील सर्व पक्षांचे पुढारी गेली साठ-सत्तर वर्षे हेच सांगत आले आहेत आणि ते खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. कारण सीमेपलीकडे, इंग्रजी मुलखात, शाळा होत्या तेव्हा त्या कुणाच्या पैशाने आणि कुणासाठी होत्या? जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात हाच हिशेब मांडला. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून वरिष्ठ वर्गांची मुले शिकतात, हा त्यांचा आक्षेप होता. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच्या बचतीतून दुसऱ्याचे मानवी भांडवल तयार होत होते. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना पुन्हा आकडेच पुढे ठेवले. सरकार दरडोई शिक्षणावर खर्च करते १४ आणे, आणि दारूच्या अबकारीतून दरडोई वसूल करते दोन रुपयांहून अधिक. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात अवघी १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात. शिकागो विद्यापीठात मानवी भांडवलाची चर्चा सुरू होण्याच्या तीस वर्षे आधी हे मुंबईत बोलले गेले आहे. आमच्या क्रमिक पुस्तकात मात्र ते नाही.

शाळेत शिकलेले कौशल्य वापरायला मिळते की नाही, हा त्याच्या पुढचा प्रश्न. मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. विणखात्यात मजुरी जास्त, आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव. कारण धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित केला. इथे यंत्र होते, कामगार होता, त्याची शिकण्याची तयारी होती. तरी त्याचे उत्पन्न कमी. ही तूट कोणत्या सदरात टाकायची? शिक्षणाच्या अभावाच्या सदरात ती बसत नाही. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या मांडणीत बाबासाहेबांनी हीच गोष्ट तात्त्विक पातळीवर नेली. जात कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि माणसाची कुवत पाहण्यापूर्वी त्याची जागा ठरवून टाकते, म्हणून ती आर्थिकदृष्ट्यादेखील घातक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आता पुन्हा देशादेशांच्या हिशेबाकडे येऊ. १९९२ साली मँकिव, रोमर आणि वाइल या तिघांनी शिक्षण हिशेबात धरले तर देशांच्या उत्पन्नातील फरकाचा जवळजवळ चार पंचमांश भाग समजतो, असा निष्कर्ष काढला. मानवी भांडवलवाद्यांचा तो सुवर्णकाळ होता. १९९९ साली हॉल आणि जोन्स यांनी दुसऱ्या रीतीने गणित मांडले. १९८८ मधील सर्वांत संपन्न पाच देशांतला कामगार सर्वांत दरिद्री पाच देशांतल्या कामगारापेक्षा सुमारे ३२ पट उत्पादन करीत होता. यंत्रादी भांडवलामुळे त्यातील फरक १.८ पट, शिक्षणामुळे २.२ पट, आणि उरलेला ८.३ पट फरक कशामुळे, तर उत्पादकतेमुळे. उत्पादकता म्हणजे काय? ज्याचे स्पष्टीकरण सापडत नाही ती बाकी. तिच्या मुळाशी कायदा, संस्था, माणसाने कमावलेले त्याच्या हाती राहील याची हमी, अशी ‘सामाजिक संरचना’ असते, असे त्या दोघांनी सांगितले. अलीकडे, २०१८ साली, हेंड्रिक्स आणि शूलमन यांनी स्थलांतरितांची देश सोडण्यापूर्वीची आणि नंतरची मजुरी तपासून मानवी भांडवलाचा वाटा पुन्हा वर, सुमारे ६० टक्क्यांवर नेला. वाद मिटलेला नाही. पण ६० धरले तरी ४० उरतातच.

या बाकीचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स यांचे आहे. १९६० साली दोघांचे दरडोई उत्पन्न सारखे, शाळकरी शिक्षणही तुल्यबळ. पुढील तीन दशकांत कोरिया कितीतरी पुढे गेला आणि फिलिपिन्स रखडला. का, याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. माझ्या दृष्टीने एक फरक दुर्लक्षिता येत नाही: कोरियात १९५० च्या सुमारास जमीनदारी मोडून जमीन कसणाऱ्याकडे गेली होती, फिलिपिन्समध्ये बड्या घराण्यांची शेते तशीच राहिली. शाळेतून परतलेला मुलगा कोणत्या गावात परततो, यावर त्याच्या शिक्षणाची किंमत ठरते. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला तेव्हा ते याच गाठीला हात घालत होते. चळवळीतील काही सुशिक्षितांना तेव्हा तो मागे जाण्याचा मार्ग वाटला होता. पदवी हाती आली की जमिनीची गरज सरते, हा समज आजही आपल्यात आहे.

अमेरिकेचा एक हिशेब मी वर्गात नेहमी सांगतो. १९६० साली तिथले ९४ टक्के डॉक्टर आणि वकील गोरे पुरुष होते. २०१० साली हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. सिए, हर्स्ट, जोन्स आणि क्लेनाव यांनी २०१९ साली दाखवले की, या पन्नास वर्षांत अमेरिकेच्या दरडोई उत्पादनात जी वाढ झाली तिच्यातील २० ते ४० टक्के वाटा काळ्यांना आणि स्त्रियांना बंद असलेले धंदे खुले झाल्याचा आहे. मराठी वाचकांना निग्रो साहित्याचा परिचय करून देणारे डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य आणि पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, हा नुसता योगायोग मानावा काय? या भूमीला अमेरिकेतील काळ्या माणसाची कथा परकी वाटली नाही, एवढे खरे.

मग आपल्याकडे काय घडले? महाराष्ट्रात अनुसूचित जातींची साक्षरता २००१ साली ७१.९ टक्के होती, राज्याची ७६.९. २०११ साली अनुसूचित जातींची ७९.७ आणि राज्याची ८२.३. अंतर पाचांवरून तिनाच्याही आत आले. हे राज्यकर्त्यांच्या कृपेने झाले नाही. मिलिंदने, वसतिगृहांनी, १९४४ पासूनच्या शिष्यवृत्तीने आणि अर्धपोटी राहून पोरे शिकवणाऱ्या आयांनी ते घडवले. या आकड्यात एक झाकलेली गोष्ट आहे, तीही बोलली पाहिजे. अनुसूचित जाती हा एकजिनसी गट नाही. नांदेड-लातूरमध्ये मातंग समाज मोठा आहे आणि शिक्षणात तो बौद्धांच्या मागे आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या मांगाच्या मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, पावणेदोनशे वर्षे होत आली, आणि तिच्या समाजातील मुली आजही ऊसतोडीच्या फडावर दिसतात. आपण स्वतःच्या अंतर्गत विषमतेचा हिशेब टाळला, तर दुसऱ्याकडे मागण्याचा अधिकार लंगडा पडतो.

शिक्षण आल्यावर गावाने काय केले, हे १९७८ ने दाखवले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. हजारो माणसे बेघर झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना जिवानिशी मारले गेले. वाद नावाचा म्हणून सांगितला गेला; पण नाव द्यायचे होते ते विद्यापीठाला. बाजार समितीला किंवा धरणाला ते नाव दिले असते तर एवढा वणवा पेटला असता, असे मला वाटत नाही. विद्यापीठ ही मानवी भांडवलाची टांकसाळ. तिच्यावर कुणाची मुद्रा असावी, हा तंटा होता. तलाठी, शिक्षक, कारकून या जागांवर दलित तरुण दिसू लागले होते आणि ज्यांना गावात ‘अरे’ म्हणण्याची सवय होती त्यांना ‘साहेब’ म्हणावे लागत होते. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जाळलेल्या घरांची भरपाई काही ना काही झाली असेल. शिकलेल्या माणसाने गाव सोडले, त्याची नोंद कुठल्या पंचनाम्यात होणार?

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘लातूर पॅटर्न’ गाजू लागला. गुणवत्ता यादीत लातूरची मुले झळकली, मग वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या प्रवेशांत. खेड्यातली मुलेही पुण्या-मुंबईच्या मुलांना मागे टाकू शकतात, हे त्याने सिद्ध केले, आणि त्याचे कौतुक मलाही आहे. तरीही त्याच लातुरात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. आज शहरात शिकवणीवर्गांची बाजारपेठ आहे. पण लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीखालीच आहे. इथे घडलेला डॉक्टर, अभियंता पुण्यात, हैदराबादेत, अमेरिकेत जातो आणि त्याचे उत्पन्न तिथल्या खात्यात जमा होते. घडवण्याचा खर्च मात्र लातूरच्या शेतकऱ्याने एकर विकून भरलेला असतो. आणि ज्याच्याजवळ विकायला एकरच नाही त्याचे काय?

माझ्या घरी नव्हता. आईवडील मुखेड तालुक्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर कोयता घेऊन जात. मुकादमाच्या बोलीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल त्या जोडीला मिळते आणि ती फेडेपर्यंत जोडी बांधील राहते. मी वसतिगृहात राहून शिकलो म्हणून वाचलो. एम.ए., नेट, पीएच.डी. झाली. घराण्यातला पहिला पदवीधर मी. आज तासिका तत्त्वावर शिकवतो. तासाला काही शे रुपये, उन्हाळ्यात काहीच नाही. मुकादम निदान आगाऊ उचल तरी देतो! एका संस्थेत मुलाखतीला गेलो तेव्हा प्रमाणपत्रे न उघडताच मला लाखांचा आकडा सांगण्यात आला. ही एकट्याची तक्रार नाही; माझ्या पिढीतील तासिकावाल्यांत ज्यांना असा आकडा ठाऊक नाही असे थोडे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, मानवी भांडवल वापरण्याचा परवाना विकत घ्यायला आधी जुने भांडवल, म्हणजे जमीन, लागते. ज्याच्या आजोबाकडे सातबारा होता त्याचाच नातू स्वतःची पदवी वटवू शकतो.

खासगी क्षेत्रात तर पैशाआधी नाव आडवे येते. मिलिंद महाविद्यालयातच घडलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले गेले. शिक्षण आणि अनुभव तुल्य, फरक आडनावाचा. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दोन तृतीयांश निघाली. मानवी भांडवल तेच, परतावा वेगळा. हॉल आणि जोन्स ज्याला बाकी म्हणतात त्या बाकीचा एक तुकडा इथे उघडपणे हाती लागतो.

आता अनुशेषाबद्दल. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा विकासाचा अनुशेष काढला: एकूण ३,१८६ कोटी रुपये, पैकी मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, सारे जिल्हावार मोजले. ते काम मोलाचे होते आणि मराठवाड्याचे राजकारण त्या आकड्यावर पोसले गेले. पण समितीने जिल्हे मोजले, जिल्ह्यातील माणसांचे थर मोजले नाहीत. अनुशेषाचा पैसा आला आणि त्यातून पाटबंधारे झाले, ते ज्याचे रान होते त्याच्यासाठी. महाविद्यालये निघाली, ती ज्याची संस्था होती त्याच्या ताब्यात राहिली. मराठवाडा मागास, हे वाक्य उच्चारताना मराठवाड्यात कोण मागास, हा प्रश्न नेहमी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

त्याचे उत्तर सरकारी समितीची वाट न पाहता काढता येईल. नांदेड-लातूरच्या प्रत्येक जुन्या महाविद्यालयात प्रवेशाच्या नोंदवह्या आहेत. त्यांत विद्यार्थ्याचे गाव आहे, जात आहे, वडिलांचा व्यवसाय आहे. तीस वर्षांपूर्वी जे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले ते आज कुठे आहेत, काय करतात, गावात त्यांच्या नावावर किती जमीन आहे, त्यांची मुले कोणत्या शाळेत आहेत, एवढे चार प्रश्न घेऊन दहा शिक्षक आणि पन्नास विद्यार्थी दोन उन्हाळ्यांत दोन जिल्हे पिंजून काढू शकतील. नावे जाहीर करण्याची गरज नाही, गट पुरेत. बौद्ध, मातंग, चर्मकार, भटके, मराठा, लिंगायत, मुसलमान आणि त्यांत स्त्रिया वेगळ्या. मी आणि माझे तीन सहकारी मुखेड आणि कंधार या तालुक्यांपासून सुरुवात करीत आहोत. अहमदपूर, उदगीर, देगलूर, बिलोलीकडील शिक्षक मित्रांनी आपापली नोंदवही पाहून ठेवावी आणि त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावे.